15 बाय 12 च्या खोलीला सबवूफर कोणता, आणि त्याला ॲम्प किती वॉटचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: खोली 15 फूट लांब, 12 फूट रुंद, छत 10 फुटांवर. 5.1 चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर धरून चालणारा रिसीव्हर आहे, त्यावर प्रति चॅनल 80 वॉट लिहिलंय. पाच स्पीकर लागलेत, सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, अजून नाही. गाडीतून काढलेला 12 इंची पॅसिव्ह (आत ॲम्प नसलेला) सबवूफर घरी पडून आहे. त्याला 500 वॉटचा वेगळा ॲम्प घ्यावा, की सरळ तयार ॲक्टिव्ह (आत ॲम्प असलेला) सबवूफर आणावा? आणि पुढच्या स्पीकरसाठी आणखी एक पॉवर ॲम्प जोडला तर थिएटरसारखा दणका येईल का?

आधी माझं मत सांगून टाकतो, मग त्यामागची कारणं. तयार ॲक्टिव्ह सबवूफर घ्या, रिसीव्हर आहे तसाच राहू द्या, पॉवर ॲम्पचा विचार सोडा आणि त्याचे पैसे दुसऱ्या सबवूफरसाठी बाजूला ठेवा. गाडीतला ड्रायव्हर, म्हणजे डब्यात बसणारा तो 12 इंची स्पीकर, वापरता येतो, पण तो हौसेचा मामला आहे आणि त्यात मेहनत बरीच आहे.

तुम्ही वॉट विचारलेत. बहुतेक जण तेच विचारतात, कारण डब्यावर मोठ्या अक्षरात तेच छापलेलं असतं. पण खरं ठरवायचंय ते वेगळं आहे: तुमच्या सोफ्यावर बसल्यावर खर्ज किती खालपर्यंत ऐकू यायला हवा, किती मोठ्याने यायला हवा, आणि सगळे सूर सारखे यावेत की एकच सूर घुमत राहिला तरी चालेल. वॉटचा संबंध यातल्या फक्त दुसऱ्या गोष्टीशी आहे, तोही अर्धवट.

खर्जासाठी लागते हवा. कोन, म्हणजे स्पीकरचा पुढेमागे हलणारा पडदा, जेवढी हवा ढकलेल तेवढा आवाज, आणि सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच डेसिबलसाठी चौपट हवा ढकलावी लागते. म्हणजे 40 हर्ट्झला कोन 4 मिलिमीटर हलत असेल तर 20 हर्ट्झला तो 16 मिलिमीटर हलायला हवा. सील्ड, म्हणजे सगळीकडून बंद, डब्यात याचा अर्थ साधारण सोळापट वॉट. त्यात आपला कानही खालच्या सुरांना मंद: 20 हर्ट्झचा सूर नुसता जाणवायलाच 75 डेसिबलच्या आसपासची पातळी लागते. याउलट 500 वॉटच्या जागी 1000 वॉट दिले तर मिळतात फक्त 3 डेसिबल, तेही ड्रायव्हर तेवढा हलू शकला तर. म्हणून 8 इंची सबवूफरवर 'हजार वॉट' लिहिलेलं दिसलं तर त्याने हुरळून जाऊ नका. कोनाचं क्षेत्रफळ आणि त्याची हालचाल जिथे संपते तिथे वॉटही संपतात, उरते ती उष्णता. पीएमपीओ हा जाहिरातीसाठी फुगवलेला वॉटचा आकडा तर वाचूच नका.

मग वाचायचं काय? सबवूफर मोजण्याची एक प्रमाणित पद्धत आहे, सीईए-2010 नावाची. तीत 20, 25, 31.5, 40 अशा ठरावीक सुरांवर छोटे धक्के देऊन, विकृती ठरलेल्या मर्यादेत असेपर्यंत जास्तीत जास्त किती डेसिबल मिळतात ते नोंदवतात. तुलना या आकड्यांची करा. मात्र एक गोम आहे. कुणी आकडा 1 मीटरवरचा आणि पीक (लाटेच्या टोकाचा) देतं, कुणी 2 मीटरवरचा आणि आरएमएस (एक प्रकारची सरासरी). अंतरामुळे 6 आणि पीकमुळे 3, असा एकाच सबवूफरच्या आकड्यात 9 डेसिबलचा फरक पडतो. दोन मॉडेलं शेजारी ठेवताना दोन्ही आकडे एकाच हिशेबातले आहेत ना, ते आधी बघा. हे आकडे नसतील तर निदान फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सपुढे 'उणे 3 डेसिबल' वगैरे लिहिलंय का ते पाहा. नुसतं '20 हर्ट्झ ते 200 हर्ट्झ' याला काही अर्थ नाही. 20 हर्ट्झचा आवाज 25 डेसिबलने दबलेला असला तरी कागदावर तो '20 पासून'च असतो.

आता डबा सील्ड की पोर्टेड, म्हणजे हवेसाठी नळी (पोर्ट) ठेवलेला. हॉफमन यांचा एक जुना नियम आहे, केएलएच कंपनीच्या नावातला 'एच' तो त्यांचाच: डबा लहान, खर्ज खोल आणि कमी वॉटमध्ये जास्त आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. सील्ड डबा लहान असतो, पण खालच्या सुरांसाठी ॲम्पकडून वॉट ओरपतो. पोर्टेड डब्यात बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जसा सूर निघतो तशी पोर्टमधली हवा एका ठरावीक सुरावर डोलते आणि कोनाचं काम हलकं करते. त्या सुराच्या आसपास तेवढ्याच वॉटमध्ये आवाज बराच जास्त मिळतो. पण त्या सुराच्या खाली गेलं की पोर्टेडचा आवाज सप्तकाला 24 डेसिबलने कोसळतो, आणि कोनामागे हवेचा आधार उरत नसल्यामुळे तो मोकाट हलतो. सील्डचा आवाज सप्तकाला 12 डेसिबलने, सावकाश उतरतो.

तुमच्या खोलीचं घनफळ 1800 घनफूट होतं. दार बंद होत असेल आणि भर सिनेमांवर असेल, तर 20 हर्ट्झच्या जवळपास ट्यून केलेला 12 इंची पोर्टेड माझी पहिली निवड. डबा चांगला मोठा असतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. अशा सबवूफरचं खोकं दारात आल्यावर वाद होताना मी पाहिलेत. जागा नसेल, किंवा गाणी जास्त ऐकत असाल, तर 12 इंची सील्ड. खोलीला दार नसून ती दुसऱ्या खोलीत उघडत असेल तर मात्र दोन्ही खोल्यांचं घनफळ धरावं लागतं, कारण खर्ज कमानीपाशी थांबत नाही. अशा वेळी एका 12 इंची सील्डवर भागणार नाही.

'सील्ड घट्ट वाजतो, पोर्टेड घुमतो' असं सर्रास म्हणतात. स्वस्तातले पोर्टेड 40-45 हर्ट्झला ट्यून केलेले असतात, कारण त्याने दुकानात दणका जाणवतो. ते घुमतात, हे खरं. खाली ट्यून केलेला चांगला पोर्टेड तसा घुमत नाही. त्याच्या नावावर खपणारं बरंचसं घुमणं खोलीचं असतं. त्याकडे येतोच.

आता गाडीतला ड्रायव्हर. गाडीची केबिन इतकी लहान असते की साधारण 60-70 हर्ट्झच्या खाली ती स्वतःच खर्ज चढवते, सप्तकाला 12 डेसिबलपर्यंत. गाडीचे सबवूफर आणि त्यांचे डबे हे गृहीत धरून बनवतात. तुमच्या खोलीत ही मदत फार तर 37 हर्ट्झच्या खाली सुरू होईल, आणि दारं-खिडक्यांतून गळतीही होईल. त्यामुळे तोच डबा खोलीत ठेवलात तर 40 च्या आसपास धाडधाड होईल आणि 30 च्या खाली शुकशुकाट. ड्रायव्हर खरंच चांगला असेल तर त्याला कसला डबा लागेल ते ठरवणारे थील-स्मॉल आकडे, म्हणजे एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस, शोधा. ते विनआयएसडीसारख्या, डब्याचा हिशेब करणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये टाका आणि घरासाठी नवा डबा बांधा. आकडे मिळत नसतील तर नाद सोडा. अंदाजाने बांधलेला डबा बहुधा अंदाजासारखाच वाजतो.

तो मार्ग घेतलात तर ॲम्पचा प्रश्न येतो, आणि इथे वॉटआधी ओहम बघायचे. गाडीच्या ड्रायव्हरला बऱ्याचदा दोन कॉइल असतात. समजा दोन्ही 4 ओहमच्या आहेत: सीरिजमध्ये जोडल्या तर 8 ओहम, पॅरलल जोडल्या तर 2 ओहम. घरगुती ॲम्प 2 ओहमवर चालवायला बनवलेला नसतो, तो तापून बंद पडेल किंवा कायमचा जाईल. ॲम्प ब्रिज करणार असाल, म्हणजे त्याचे दोन चॅनल एकत्र जोडणार असाल, तर लक्षात ठेवा की 4 ओहमचा भार प्रत्येक चॅनलला 2 ओहमसारखा वाटतो. म्हणून सीरिजमध्ये 8 ओहम हाच बिनघोर पर्याय. वॉट ड्रायव्हरच्या आरएमएस आकड्याच्या आसपास ठेवा. डबा पोर्टेड असेल तर ट्यूनिंगच्या खालचे सूर कापणारा हाय-पास फिल्टर ॲम्पमध्ये किंवा त्याच्या आधी हवाच, नाहीतर सिनेमातला एखादा स्फोट कोनाला त्याच्या मर्यादेपलीकडे नेईल. आणि स्टेजवरचे पॉवर ॲम्प घेत असाल तर त्यांच्या पंख्याचा आवाज आधी ऐका. कुजबुजीच्या प्रसंगात तो सतत घोंघावतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुमच्या प्रश्नावरून शंका आली. रिसीव्हरच्या मागे 'सब-आउट' म्हणून जे आहे त्यातून फक्त सिग्नल निघतो, ताकद नाही. पॅसिव्ह सबवूफर तिथे थेट लागत नाही, मध्ये ॲम्प लागतोच. ॲक्टिव्ह सबवूफरमध्ये तोच ॲम्प आत बसवलेला असतो, त्या ड्रायव्हरला आणि त्या डब्याला बेतून: कोन कुठे थांबवायचा, कुठले सूर कापायचे, हे सगळं आतच ठरलेलं असतं. तयार ॲक्टिव्ह घ्या असं मी म्हणतो ते याचसाठी. वेगळा ड्रायव्हर आणि वेगळा ॲम्प घेतला की हे जुळवणं तुमच्या गळ्यात पडतं.

आता पुढच्या स्पीकरना जादा ॲम्प. हिशेब करून बघू. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी 88 डेसिबल धरू, म्हणजे 1 वॉटला 1 मीटरवर 88. 80 वॉट म्हणजे त्यावर 19 डेसिबल, झाले 107. तुम्ही 3 मीटरवर बसता, साडेनऊ वजा, उरले साडेसत्त्याण्णव. बंद खोलीत भिंतींमुळे त्यात थोडी भर पडते. सिनेमागृहाच्या संदर्भ पातळीत मुख्य चॅनलचा सर्वोच्च क्षण 105 डेसिबल धरलेला असतो, पण घरी बहुतेक जण त्यापेक्षा 10-15 डेसिबल खालीच ऐकतात. म्हणजे तुमचे 80 वॉट पुरतात. ॲम्प दुप्पट केलात तर 3 डेसिबल वाढतील, जे कसेबसे जाणवतात. हो, रिसीव्हरवरचा 80 चा आकडा बहुधा दोनच चॅनल चालू ठेवून मोजलेला असतो, पाचही एकदम भरात वाजले तर तो खाली येतो. पण पाचही चॅनल एकाच क्षणी पूर्ण ताकदीने वाजतात असे प्रसंग फार थोडे. शिवाय सबवूफर आला की 80 हर्ट्झच्या खालचं, सगळ्यात जास्त ताकद खाणारं काम रिसीव्हरच्या डोक्यावरून उतरतं. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी 84 असेल, किंवा ते 4 ओहमचे असतील, तर माझं उत्तर वेगळं असतं.

आता खोली. माझ्या कामाचा मोठा वेळ इथेच जातो. 20 हर्ट्झची लाट 17 मीटर लांब, 80 ची सव्वाचार मीटर. खोलीच्या मापाशी जुळणारे सूर भिंतींमध्ये अडकून उभे राहतात. तुमच्या 15 फुटांत पहिला असा सूर साधारण 37-38 हर्ट्झला, 12 फुटांत 47 ला आणि छताच्या 10 फुटांत 56 ला. खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर 37-38 चा सूर तिथे जवळजवळ गायब असतो. सोफा मागच्या भिंतीला टेकवलात तर लांबीतले सगळे अडकलेले सूर एकदम अंगावर येतात. दोन्ही टाळा.

सेटिंगला गेलो की मी आधी सिनेमा लावत नाही, 20 ते 100 हर्ट्झचा एक सूर अगदी सावकाश वर चढवत नेतो आणि सोफ्यावर बसून ऐकतो. या मापाच्या खोलीत सोफा मागे असेल तर साधारण असं होतं: 25 ला सोफ्याच्या पाठीतून नुसती थरथर, 37 च्या पुढेमागे सगळी खोली फुगल्यासारखी, 50 च्या पुढे आवाज विरळ, आणि मध्येच कुठेतरी शोकेसची काच खणखणायला लागते. घरमालक हमखास म्हणतात, 'सबवूफर फाटलाय.' त्यांना काचेवर तळवा ठेवायला सांगायचं. खणखण थांबते. दोन फेल्टचे तुकडे चिकटवले की काम झालं. फोटोफ्रेम, एसीची जाळी, पडद्याची दांडी, सगळ्यांची हीच तऱ्हा.

सबवूफरची जागा शोधायला सगळ्यात खात्रीची युक्ती उलटी आहे. सबवूफर सोफ्यावर, तुम्ही जिथे बसता तिथे ठेवा. चढउतार करणारी एखादी बेसची ओळ पुन्हा पुन्हा वाजू द्या, आणि तुम्ही गुडघ्यांवर बसून भिंतीकडेने फिरा, कान सबवूफरच्या उंचीवर ठेवून. उभं राहून ऐकलंत तर निकाल फसवा येतो. एका कोपऱ्यात सगळं ढगासारखं गडगडेल, तिथून दोन फुटांवर एखादा सूरच नाहीसा होईल, आणि कुठेतरी प्रत्येक सूर वेगळा आणि सारख्या वजनाने ऐकू येईल. सबवूफरची जागा ती. कोपऱ्यात आवाज सर्वांत जास्त मिळतो, पण तिथे खोलीचे सगळे अडकलेले सूरही जागे होतात. ती जागा नेमकी दाराच्या मागे निघाली तर तडजोड करावी लागते, त्याला इलाज नाही.

दुसऱ्या सबवूफरसाठी पैसे ठेवा म्हटलं ते याच कारणाने. हरमन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर बऱ्याच जागी बसणाऱ्यांना सारखा खर्ज देतात असं दिसलं होतं. प्रत्यक्षातही मला तसंच आढळतं. दोन मध्यम सबवूफर एका भल्यामोठ्याला भारी पडतात, विशेषतः सोफ्यावर तीन-चार जण बसत असतील तर. फक्त दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या. एक पोर्टेड आणि एक सील्ड यांचं खालच्या सुरांत जमत नाही, ते एकमेकांचा आवाज खातात.

जोडणी झाल्यावर रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करा, मोठे टॉवर असले तरी, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराखालचं काम सबवूफरकडे जातं तो आकडा, 80 हर्ट्झवर ठेवा. त्याच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही. 80 च्या वर नेलात तर संवादाचा खालचा भाग सबवूफरच्या दिशेने यायला लागतो. एलएफईचा, म्हणजे सिनेमातल्या खर्जाच्या वेगळ्या चॅनलचा, लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर) 120 वरच असू द्या. सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत फिरवा किंवा 'एलएफई' वर ठेवा, नाहीतर एकच सूर दोनदा कापला जातो. 'एलएफई प्लस मेन' किंवा 'डबल बेस' नावाचा पर्याय बंद.

मग रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे माइकने मोजून होणारी आपोआप जुळणी, चालवा, माइक कानाच्या उंचीवर, स्टँडवर. सबवूफरचं अंतर तो टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दाखवेल. ते 'दुरुस्त' करायला जाऊ नका: सबवूफरच्या आतल्या प्रक्रियेला लागणारा वेळ त्याने अंतरात मोजलेला असतो. सबवूफरची पातळी त्याने उणे 12 च्या टोकाला नेली असेल तर सबवूफरचं गेन (त्याच्या मागचं आवाजाचं बटण) कमी करून पुन्हा चालवा. उणे 5 च्या आसपास आली की ठीक. गेन फार जास्त आणि रिसीव्हरमधली पातळी फार खाली असली तर आणखी एक त्रास होतो. काही सबवूफरचा ऑटो-स्टँडबाय हळू प्रसंगांत सिग्नल ओळखत नाही आणि सिनेमाच्या मध्ये झोपी जातो.

इक्वलायझरने उंचवटे कापा, खड्डे भरू नका. खड्डा 6 डेसिबलने भरायचा तर ॲम्पकडून चौपट वॉट जातात आणि खोली तेही गिळून टाकते. पुढे कधी हौस वाढली तर यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हा खोलीतला आवाज मोजणारा मोफत प्रोग्रॅम घ्या. स्क्रीनवर तो 37-38 चा डोंगर दिसला की मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

सबवूफर लावल्यावर सतत गुणगुण आली तर बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट, असतो. रिसीव्हर आणि सबवूफर एकाच सॉकेटवरून घ्या, केबल टीव्हीची वायर काढून बघा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

खाली कुणी राहत असेल तर सबवूफरखाली फोमचं पॅड घाला. त्याने जमिनीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा खर्ज कमी होत नाही. रात्रीसाठी सबवूफरची पातळी 6 डेसिबल खाली आणून वेगळी साठवून ठेवता येते का ते रिसीव्हरमध्ये पाहा.

सोफा भिंतीपासून किती फुटांवर आहे, खोलीला दार आहे की मोकळी कमान, आणि स्पीकरची सेन्सिटिव्हिटी व ओहम किती, एवढं कळवा. मग सील्ड की पोर्टेड हे नेमकं सांगता येईल.